माशांच्या थव्याचा पाटील कोण?

शेतकीच्या मासिकांत माशांच्या पोहण्याविषयीं लेख कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, २०१६ सालीं राज्य शासनाची 'मागेल त्याला शेततळें' ही योजना निघाल्यापासून गांवोगांव शेततळीं झालीं, आणि ज्यांच्या तळ्यांत वर्षाचे आठ-दहा महिने पाणी टिकतें असे पुष्कळ शेतकरी त्यांत कटला, रोहू, मृगळ यांचें बीज सोडूं लागले. मासा हा आतां शेतकऱ्याच्या दावणीचाच एक जीव झाला आहे. परंतु दावणीच्या जनावरांत व त्याच्यांत एक मोठा भेद आहे. बैलानें रवंथ सोडलें, गाईनें कान पाडले, कोंबडी पिसें फुलवून बसली, म्हणजे काय समजावयाचें तें घरधन्यास तत्काळ समजतें. मासा पाण्याखालीं असतो. तो हंबरत नाहीं कीं खुंट्याशीं लोळत नाहीं. सकाळीं तळ्यावर जावें तों पोटें वर करून मासे तरंगतांना दिसतात आणि वर्षाची मेहनत बुडते. अशा मुक्या जीवाची नाडी पाहण्याचें कांहीं साधन आहे काय? आमच्या मतें आहे, आणि तें साधन म्हणजे माशांचा थवा. थवा कसा चालतो हें ज्यास समजलें, त्यास तो केव्हां बिघडला हेंहि समजेल. म्हणून आधीं त्याच्या चालण्याचा विचार करूं व मग बिघडण्याचा.

खराडीची नदी

हा विचार करावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. पुणें शहराच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या उत्तर तीरावर खराडी हें गांव आहे. १९९७ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत गेलें, आणि जेथें पूर्वीं पिकें डोलत तेथें आतां कांचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. परंतु या बाजूच्या नदीस मत्स्यशास्त्रांत मोठा मान आहे, हें तेथें राहणाऱ्यांसहि फारसें ठाऊक नसेल. मुंबई सरकारनें १८२४ सालीं विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें. गांवें, पिकें व माणसें यांच्या नोंदी करतां करतां त्यानें येथील पक्ष्यांच्या व माशांच्याहि नोंदी केल्या. १८३९ सालीं दख्खनच्या माशांचीं त्याचीं वर्णनें छापून निघालीं. त्यांत पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या, मोठ्या खवल्यांच्या एका माशास त्यानें मराठी नांवावरूनच 'खुद्री' असें शास्त्रीय नांव दिलें. तोच आपला खडशी. यासच महाशीर म्हणतात. आजहि या माशाचें मूळ ठिकाण कोणतें असें विचारलें तर शास्त्रज्ञांस आपल्या या नदीकडेच बोट दाखवावें लागतें.

खडशी हा थव्यानें राहणारा मासा. ज्यांस त्याचा थवा पाहावयाचा असेल त्यांनीं महाड तालुक्यांत काळ नदीवरील वाळणकोंडास जावें. तेथील डोहांतले मासे देवीचे मानले जातात व त्यांस कोणी मारीत नाहीं. भाविक लोक खाद्य टाकतात, आणि टाकल्याबरोबर खालच्या काळ्या पाण्यांतून एकामागून एक असे मासे वर येतात, वळतात व पुनः खालीं जातात. खराडीच्या पात्रांत मात्र खडशी आतां दिसत नाहीं. तो कां दिसत नाहीं याचा संबंध थव्याच्या विषयाशीं कसा पोंचतो, तें पुढें सांगूं.

थवा वळतो कसा

थवा पाहणाऱ्याच्या मनांत पहिला प्रश्न हाच येतो कीं, यांस हुकूम कोण देतो? शेंदोनशें मासे एका दिशेनें चालले आहेत. कांठावर माणसाची सावली पडते. आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों सर्वांच्या अंगाची रुपेरी बाजू एकदम चमकून थवा दुसरीकडे वळतो. एकाचा एकास धक्का लागत नाहीं. मेंढरांच्या कळपास म्होरक्या असतो, गाड्यांच्या रांगेस पुढचा गाडीवान असतो, गांवास पाटील असे. तसा थव्यासहि कोणी पाटील असला पाहिजे असें सहज वाटतें. पण नीट निरखलें असतां ही समजूत टिकत नाहीं. थवा उजवीकडे वळला कीं जे मासे उजव्या बगलेस होते ते आघाडीस येतात, आणि आघाडीचे होते ते डाव्या बगलेस पडतात. पुनः वळला कीं पुनः अदलाबदल. घटकेघटकेस हात बदलणाऱ्या पाटिलकीस पाटिलकी कोण म्हणेल?

मग हें कसें घडतें? जमिनीच्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिण्याची चाल आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. शेतकऱ्यास सगळ्या गांवचा नकाशा पाठ असावा लागत नाहीं. आपल्या चार बांधांपलीकडे कोण, एवढें ठाऊक असलें म्हणजे त्याचें काम चालतें. आणि प्रत्येकाची चतुःसीमा बरोबर जुळली कीं गांवचा नकाशाहि जुळतो. थव्याचा हिशेब याच जातीचा आहे. थव्यांतील माशास सर्व थवा दिसत नाहीं व समजतहि नाहीं. तो फक्त आपल्या जवळच्या शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. शेजारी फार जवळ आला तर बाजूस सरावें, बेताच्या अंतरावर असला तर तो जिकडे जातो तिकडे तोंड ठेवावें, आणि दूर पडूं लागला तर त्याच्याजवळ जावें, एवढीच त्याची रीत. १९८२ सालीं इचिरो आओकी या जपानी संशोधकानें ही रीत संगणकांत घालून पाहिली. म्होरक्या कोणी ठेवला नव्हता. तरी पडद्यावरचे लटके मासे थवा करून चालूं लागले.

पुढें जिवंत माशांवर बारकाईनें पाहणी झाली. डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं आपल्याकडे डबक्यांत सोडतात त्या गंबुशिया जातीच्या माशांची पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, मासा मुख्यतः आपला वेग कमीजास्त करून अंतर राखतो, आणि एका वेळीं तो बहुतेक करून सर्वांत जवळच्या एकाच शेजाऱ्यास जबाब देतो. बैलगाडीच्या मागें गाडी हांकणारास हें लगेच पटेल. पुढची गाडी जवळ आली कीं कासरा ओढावयाचा, लांब गेली कीं बैलांस इशारा द्यावयाचा. बाकीच्या वीस गाड्यांकडे पाहण्याची त्यास गरज नसते.

ज्वारीचें कणीस भरलें कीं भोरड्यांच्या धाडी पडतात. त्यांचा थवा आकाशांत कसा वळतो, पसरतो व आवळतो, तें आमच्या वाचकांनीं गोफण हातांत घेऊन पुष्कळ वेळां पाहिलें असेल. भोरडीच्याच कुळांतील युरोपांतल्या साळुंक्यांचीं छायाचित्रें रोम शहरांत घेऊन २००८ सालीं इटालियन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, प्रत्येक पक्षी सुमारें सहा-सात शेजाऱ्यांशींच संधान ठेवतो, मग ते जवळ असोत वा दूर. पाण्यांतला थवा असो कीं आकाशांतला, हिशेब शेजाराचा आहे.

डोळे, पार्श्वरेषा व वास

आतां शेजाऱ्याची खबर माशास लागते कशी? पहिलें साधन डोळे. माशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळें डावा-उजवा शेजारी त्यास मान न वळवितां दिसतो. दुसरें साधन अधिक नवलाचें आहे. रोहू किंवा कटला हातांत घेऊन पाहिला तर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मध्यावरून बारीक छिद्रांची एक रेषा गेलेली दिसते. हिलाच पार्श्वरेषा म्हणतात. त्या छिद्रांच्या आंत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. जवळच्या माशानें शेपटी हालविली कीं पाण्यास जो हेलकावा बसतो, तो या केसांस वांकवितो व माशास समजतें. भरलेल्या हौदांत आपण एक हात स्थिर धरला व दुसऱ्यानें पाणी ढवळलें तर आपल्याहि हातास तें लागतें. माशाचें सर्व अंग याच कामास लावलेलें आहे असें समजावें.

स्कॉटलंडमध्यें १९७६ सालीं पिचर, पार्ट्रिज व वॉर्डल या तिघांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. समुद्रांतील एका जातीच्या माशांच्या डोळ्यांवर त्यांनीं अपारदर्शक झांपडें बसविलीं. मासे आंधळे झाले, तरी डोळस माशांच्या थव्यांत आपली जागा राखून पोहत राहिले. ज्या आंधळ्या माशांची पार्श्वरेषाहि निकामी केली होती त्यांस मात्र तें साधलें नाहीं. पुढील प्रयोगांत असें दिसलें कीं, दोन्ही साधनांचीं कामें थोडीं निरनिराळीं आहेत. डोळ्यांनीं मासा शेजाऱ्यास धरून राहतो, आणि पार्श्वरेषेनें त्याचा वेग व दिशा ओळखून त्याच्या अंगावर जाण्याचें टाळतो.

तिसरें साधन वास. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांस १९३८ सालीं असें आढळलें कीं, जखमी झालेल्या माशाच्या कातड्यांतून एक द्रव्य पाण्यांत उतरतें, आणि त्याचा वास लागतांच त्याचे सोबती घाबरून एकत्र गोळा होतात किंवा पळतात. हा गुण ज्या कुळांत ठळकपणें आढळतो त्याच कुळांत आपले रोहू, कटला, मृगळ व खडशी मोडतात.

या साधनांमुळें भीतीची खबर थव्यांतून किती वेगानें जाते, हें रशियन संशोधक राडाकोव्ह यानें दाखविलें. एका कडेचे मासे दचकले कीं वळण्याची लाट सर्व थव्यांतून जाते, आणि तिचा वेग माशाच्या स्वतःच्या पोहण्याच्या वेगाहून पुष्कळ अधिक असतो. हें प्रथम ऐकतांना खोटें वाटतें. पण उभ्या गव्हावरून वाऱ्याची झुळूक जाते तेव्हां लाट बांधापासून बांधापर्यंत धांवते, ताट मात्र जागच्या जागीं डुलतें. थव्यांतहि धांवते ती खबर.

जाणता एक, मागें सर्व

पाटील नाहीं, म्हणून थव्यांत कोणाचेंच वजन नसतें, असें मात्र समजूं नये. कॅनडांतील रीब्स या प्राध्यापकानें २००० सालीं बारा-बारा माशांचे गट घेतले. अमुक वेळीं टाकीच्या अमुक कोपऱ्यांत खाद्य मिळतें हें कांहीं माशांस आधीं शिकवून ठेवलें होतें. बारांत असा जाणता मासा एकच असला तरीहि वेळ होतांच तो त्या कोपऱ्याकडे निघे, आणि बाकीचे अकरा त्याच्यामागें जाऊं शकत. त्यानें कोणास हुकूम दिला नव्हता. तो ठामपणें एका बाजूस चालला, त्याचे शेजारी त्यास धरून राहिले, आणि त्यांचे शेजारी त्यांस.

अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथून २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्याहिपुढचा आहे. तेथें जाणता असा एकहि मासा नव्हता. टाकीवर उजेड-सावलीचे हलते डाग पाडले होते, आणि त्या माशांस सावली आवडते. एकटा मासा सावली शोधण्यांत अगदीं कच्चा ठरला; थवा जसजसा मोठा घेतला तसतसा तो सावलींत अधिक टिकूं लागला. कारण एवढेंच कीं, सावलींत आलेला मासा वेग मंद करी. उजेडांतले मासे वेगानें चालत व सावलींतल्या मंद शेजाऱ्यांस धरून राहत. त्यामुळें सगळा थवा सावलीकडे झुके. सावली कोठें आहे हें कोणासहि ठाऊक नव्हतें, तरी थव्यास तिचा रस्ता सांपडला.

थवा करून माशास काय मिळतें, तेंहि थोडक्यांत सांगतों. मारणाऱ्या मोठ्या माशाची नजर एकावर ठरत नाहीं, हा पहिला लाभ. १९८६ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत लहान रुपेरी माशांच्या थव्यांत निळा रंग दिलेले एक-दोन मासे मिसळले. तेव्हां शिकारी माशास पकडणें सोपें झालें, कारण त्याच्या नजरेस धरावयास खूण मिळाली. दुसरा लाभ श्रमाचा. सह्याद्रीच्या ओढ्यांत ज्याचे भाईबंद आढळतात त्या मोठ्या डॅनिओ माशावर अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत झालेलें काम २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. वेगाच्या पाण्यांत थव्यांतल्या माशास शेपटीच्या दर फटकाऱ्यामागें लागणारी शक्ति एकट्या माशापेक्षां जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी लागते, असें त्यांत दिसलें.

या एकजुटीची दुसरी बाजूहि आहे, आणि ती कोंकणांतल्या व गोव्यांतल्या मच्छीमारांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बांगडा किंवा तारली किनाऱ्याजवळ आली कीं पाण्याचा रंग बदलतो. तो पाहून रापण लावतात; होडीनें लांब जाळें अर्धवर्तुळांत टाकतात, आणि गांवचीं माणसें दोन्ही टोंकें धरून तें किनाऱ्यावर ओढतात. जाळें पुरतें आवळण्याआधीं मोकळी वाट असते; पण मासा शेजाऱ्यास सोडीत नाहीं. जाळ्याची भिंत दिसली कीं सर्व मिळून आंत वळतात. मोठ्या माशापासून जी रीत वांचविते तीच माणसाच्या जाळ्यांत नेते.

थवा बिघडतो केव्हां

आतां आपल्या कामाच्या भागाकडे येऊं. थवा शेजाराच्या खबरेवर चालतो. म्हणून खबर नेणारीं साधनें किंवा खबर घेणारा जीव बिघडला कीं थवा बिघडतो. शेततळ्याच्या धन्यानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली गोष्ट प्राणवायूची. रात्रीं शेवाळ व वनस्पति प्राणवायू घेतात, देत नाहींत; म्हणून पहांटे तळ्यांतला विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो. आभाळ दोन-चार दिवस भरलेलें राहिलें, अगर शेण-खत वा दाणा वाजवीपेक्षां जास्त पडला, तर तो आणखी घटतो. कटला-रोहूस लिटरमागें सुमारें ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असें मत्स्यतज्ज्ञ सांगतात. मॅकफार्लंड व मॉस या अमेरिकन संशोधकांनीं १९६७ सालीं बोय जातीच्या समुद्रमाशांच्या मोठ्या थव्यांत पाण्याची मोजणी करून दाखविलें कीं, आघाडीपेक्षां पिछाडीस प्राणवायू कमी असतो, कारण पुढच्यांनीं तो वापरलेला असतो. आणि जेथें तो फार घटतो तेथें थव्याची घडी मोडूं लागते. हेरिंग माशांवरील प्रयोगांतहि प्राणवायू कमी करीत गेलें तसा थवा सैल होऊन शेवटीं विस्कटला. मासे मरण्यापूर्वीं थवा विसकटतो, ही गोष्ट शेतकऱ्यास लाखमोलाची आहे.

दुसरी गोष्ट औषधांची. द्राक्षें, डाळिंबें व टोमॅटो यांवर मोरचूद घातलेलें बोर्डो मिश्रण फवारणें हें आपल्याकडे नित्याचें झालें आहे. मोरचुदांतील तांबें पाण्यांत उतरलें कीं माशाच्या पार्श्वरेषेंतील केसांच्या पेशी मरतात, हें झेब्रा माशांवर वारंवार सिद्ध झालें आहे. आणि हा झेब्रा मासाहि मूळचा आपल्याच देशांतील नद्या-ओढ्यांचा. तांब्याच्या अल्प प्रमाणानेंहि माशाचें वास घेणें मंदावतें, हें सामन जातीच्या माशांत आढळलें आहे. मासा तेवढ्यानें मरत नाहीं, म्हणून धन्यास कांहीं झालें असें वाटत नाहीं. पण ज्या माशास शेजारी समजत नाहीं व धोक्याचा वास लागत नाहीं, तो खंड्याच्या, बगळ्याच्या व मरळीच्या तोंडीं आधीं जातो. समाधानाची गोष्ट एवढीच कीं, मात्रा थोडी असली व पाणी वेळीं स्वच्छ मिळालें तर त्या पेशी पुनः उगवतात. कीटकनाशकांचें तर बोलावयासच नको. त्यांतील कित्येक माशांस तत्काळ मारक आहेत.

तिसरी गोष्ट गढूळपणाची. डोळ्यांनीं शेजारी दिसेनासा झाला कीं निम्मी खबर बंद पडते. पावसाळ्यांत बांधाची माती वाहून तळें लाल होतें, तेव्हां मासे विखुरतात. तो रोग नव्हे, पण त्या दिवसांत दाणा कमी टाकावा, कारण विखुरलेल्या माशांस तो वेळेवर सांपडत नाहीं व कुजून प्राणवायू खातो.

यावरून आमच्या सूचना अशा. रोज एकाच वेळीं व एकाच कोपऱ्यांत दाणा टाकावा. जुने मासे ती वेळ शिकतात, आणि नवें बीज त्यांच्यामागें येऊन शिकतें; गप्पी माशांतहि अजाण मासे जाणत्यांच्या संगतीनें खाद्याची वाट शिकतात असें १९९७ सालच्या प्रयोगांत दिसलेलें आहे. या शिस्तीचा दुसरा उपयोग असा कीं, ठरल्या वेळीं थवा आला नाहीं, उशिरां आला किंवा तुटक तुटक आला, तर तीच पहिली सूचना समजावी. निरोगी लहान मासे एकमेकांस धरून, एका दिशेनें, कांठावरच्या सावलीस दचकून एकदम वळतात. एकेकटे, निरनिराळ्या दिशांस तोंड करून, पृष्ठभागाशीं तोंडें उघडीत फिरूं लागले व सावलीसहि वळेनासे झाले, तर दाणा त्याच घटकेस बंद करावा, पंप लावून तळ्याचेंच पाणी उंचावरून धारेनें पाडावें, आणि विहिरीचें चांगलें पाणी असेल तर तें सोडावें. फवारणीचा पंप व डबे तळ्यावर, चारींत अगर ओढ्यावर कधींहि धुऊं नयेत. धुण्याचें पाणी बांधाआड पडीक जागीं, विहिरीपासून दूर, जिरवावें. एक खबरदारी मात्र ठेवावी. रात्रीं थवा आपोआप सैल पडतो, दाणा खातांना सर्वांची झुंबड उडते, आणि वजनानें वाढलेले कटला-रोहू पिलांइतके घट्ट बांधून राहत नाहींत. म्हणून पाहणी करावयाची ती उजाडल्यावर, दाणा टाकण्यापूर्वीं, आणि रोज त्याच घटकेस. म्हणजे कालचें व आजचें ताडून पाहतां येतें.

नदीचा थवा

हाच हिशेब खराडीच्या नदीस लावून पाहिला म्हणजे खडशी कां दिसत नाहीं हें समजतें. त्यास वाहतें, निवळ व प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. शहराचें सगळें मैलापाणी अद्याप शुद्ध होऊन नदींत येत नाहीं. उन्हाळ्यांत पात्रावर जलपर्णीची चादर पसरते आणि तिच्याखालीं उजेड व हवा दोन्ही कमी होतात. मुळा-मुठा, पवना व इंद्रायणी यांच्या कांठीं मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत वारंवार वाचावयास मिळतात. अशा पाण्यांत चिवट चिलापी, किंवा वर येऊन हवा घेणारे मरळ-मांगूर, तग धरतात. ज्यांस शेजाऱ्याची खबर घेऊनच जगतां येतें असे मासे आधीं जातात.

शहराची घाण ती शहरानें निस्तरावी, आपणांस काय त्याचें, असें कोणी म्हणेल. पण खराडीच्या समोरच्या तीरावर मुंढवें आहे, आणि तेथून शुद्ध केलेलें पाणी उचलून बेबी कालव्यांत सोडतात; तें हवेली-दौंडकडील शेतांस जातें. त्याखालीं नदी पुढें भीमेस मिळते, व तिच्या दोन्ही तीरांचे मळे तिच्याच पाण्यावर आहेत. नदींतला मासा ज्या पाण्यांत दिशा चुकतो तेंच पाणी पुढें आपल्या चारींत व विहिरींत येतें. आणि आपल्या बाजूनें फवारणीचे डबे ओढ्यावर धुणारा शेतकरीहि नदीस घाणच देतो, हें शहराकडे बोट दाखवितांना विसरूं नये.

तेव्हां नदीकांठच्या सभासदांस आमची विनंती अशी कीं, प्रत्येकानें आपल्या शेतासमोरच्या पात्रांत महिन्यांतून एकदां, सकाळीं, थवा दिसतो कीं नाहीं एवढेंच पाहावें व तारखेसह वहींत टिपून ठेवावें. पाणी निवळ आहे कीं काळें, जलपर्णी आहे कीं नाहीं, मासे कांठच्या सावलीस वळतात कीं नाहीं, एवढ्या तीन-चार नोंदी पुरे. एका वहीची किंमत थोडी. पण वरच्या गांवची वही खालच्या गांवच्या वहीशीं ताडून पाहिली म्हणजे घाण कोणत्या नाल्यापासून सुरू होते तें कोणासहि दाखवितां येईल, आणि अर्ज करावयाचा झाला तर त्यास पुरावा जोडतां येईल. ज्यांचीं शेततळीं आहेत त्यांनीं आपल्या थव्याची हकीकत संस्थेकडे लिहून पाठवावी. पुढील पावसाळ्यापूर्वीं अशा नोंदी पुरेशा जमल्यास त्या या मासिकांत कोष्टक करून छापण्याचा आमचा विचार आहे.